नाणेघाट ते ग्रामसभा : गद्य आणि त्याची बांधिलकी

मराठी शाळेत शिकलेल्या वाचकाला ‘गद्य’ आणि ‘पद्य’ हे दोन शब्द पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेतच भेटतात आणि बहुतेकांच्या मनात त्यांचा अर्थ तिथेच कायमचा ठरून जातो : ज्याला चाल लावता येते, ज्यात यमक जुळते आणि जे पाठ करावे लागते ते पद्य, आणि उरलेले सगळे गद्य. संस्कृत साहित्यशास्त्रातही व्याख्येची दिशा हीच आहे. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या दंडीने ‘काव्यादर्शा’त चरणांचे बंधन नसलेली पदांची मालिका ती गद्य, असे लक्षण सांगितले, मात्र त्याच दंडीने काव्याचे गद्य, पद्य आणि मिश्र असे तीन भाग पाडून गद्याला काव्यातच मानाची जागा दिली होती. मराठी वाचकाने व्याख्येतला अभाव तेवढा उचलला आणि मान सोडून दिला. त्यामुळे सातबाऱ्यापासून कादंबरीपर्यंत आणि बातमीपासून बखरीपर्यंत जे जे वाक्यांत लिहिले जाते, त्याच्या परस्परभेदांकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

पद्याला चरण, मात्रा आणि लय यांचा आधार असतो, तर गद्याचा सगळा भार वाक्यावर असतो. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘जर-तर’, ‘जरी-तरी’ ही अव्यये वरकरणी क्षुल्लक वाटली, तरी कार्यकारणभाव, अट आणि अपवाद यांची मांडणी त्यांच्यावाचून होत नाही. आणि कायदा, हिशेब, इतिहास, औषधोपचार, करारमदार यांना याच गोष्टींची गरज असल्यामुळे ही सर्व क्षेत्रे अखेरीस गद्याकडे येतात. अध्यापनाच्या सोयीसाठी गद्याचे चार प्रकार सांगण्याची प्रथा आहे : घडलेले क्रमाने सांगणारे कथनात्मक, दिसलेले डोळ्यांपुढे उभे करणारे वर्णनात्मक, एखादी गोष्ट उलगडून समजावणारे विवरणात्मक आणि आपले म्हणणे पटवून देणारे युक्तिवादात्मक. शिवाय ललित आणि वैचारिक अशी आणखी एक विभागणी केली जाते. तीत सौंदर्याचा आणि अनुभवाचा प्रत्यय देणारे लेखन एकीकडे, तर ज्ञान आणि विचार देणारे लेखन दुसरीकडे ठेवलेले असते. या वर्गीकरणांतून लेखनाची पद्धत कळते, पण एका लेखकाचे कथन पुराव्यादाखल स्वीकारले जाते आणि दुसऱ्याचे तसेच कथन गोष्ट म्हणून ऐकले जाते, असे का होते, याचे उत्तर त्यांत सापडत नाही. त्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो : हे गद्य कोणाला उत्तर देण्यास बांधलेले आहे? ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आणि त्यांच्या सीमेवर या प्रश्नाची दोन हजार वर्षांची उदाहरणे मिळतात.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखऱ्याच्या पुढे गेल्यावर नाणेघाटाची जुनी वाट सह्याद्री चढू लागते. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरकडे जात असे, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिच्याशी जोडला जाणारा, सामान्यतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला मानला जाणारा ब्राह्मी लिपीतला लेख कोरलेला आहे. त्याची भाषा प्राकृत आहे आणि तो गद्यात आहे. आरंभी देवतांना वंदन, मग राजघराण्याचा उल्लेख आणि त्यानंतर अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणांची यादी, असा त्याचा क्रम आहे. गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नावाची नाणी यांची मोजदाद त्यात अंकांनी केलेली असून एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा आकडा येतो. भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या लेखातील अंकचिन्हांची गणना होते आणि एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यांचा अभ्यास केला.

हे नोंदीचे गद्य आहे आणि त्याची रचना त्याच्या कामातून आलेली आहे. यज्ञाचे नाव, दक्षिणेची वस्तू आणि तिची संख्या हा साचा पुन्हा पुन्हा येतो, कारण देव, ऋत्विज आणि त्या वाटेने जाणारे-येणारे यांच्यासमोर राजघराण्याने किती दिले हे ठासून सांगायचे आहे. याच सातवाहन कुळातील हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे ७०० पद्यांचा संग्रह असून तीत शेते, नद्या, खेड्यातल्या स्त्रिया, विरह आणि रुसवेफुगवे आहेत. गाथेला गाईंची संख्या सांगण्याचे कारण नव्हते आणि लेखाला रुसवा सांगण्याचे. महाराष्ट्राच्या वाङ्मयीन स्मृतीत गाथेचा गौरव पुष्कळ झाला, पण नाणेघाटाच्या भिंतीवरचे गद्य मुख्यतः इतिहासाचे साधन म्हणून पाहिले गेले आणि गद्य म्हणून त्याचा विचार कमीच झाला. मोजून, नाव घेऊन आणि कायमचे लिहून ठेवण्याची ही शिस्त पुढे दानपत्रांत, तहनाम्यांत आणि गावच्या दप्तरात टिकून राहिली, हे ध्यानात घेतले तर ही उपेक्षा अन्यायाची आहे.

मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ नोंदीच्या पुढे जाऊन साक्षीच्या गद्याचा पाया घालते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी म्हाइंभटाने १२७८ च्या सुमारास रिद्धपूर येथे एकत्र केल्या, तेव्हा त्याने प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गाठून त्यांच्याकडून प्रसंग टिपून घेतले आणि एकाच प्रसंगाबद्दल दोघांचे सांगणे वेगळे पडले तर तो भेदही नोंदला जाईल अशी काळजी महानुभाव परंपरेने घेतली. या ग्रंथातील वाक्ये आखूड आहेत, संवाद बोलण्यातले आहेत, आणि कोण कुठे बसले होते, काय जेवले, कोणत्या वाटेने गेले असे तपशील मुबलक आहेत. ज्ञानदेवांची ओवी अवतरली ती त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी. पद्याच्या त्या थोर परंपरेपुढे महानुभावांचे गद्य सांकेतिक लिप्यांच्या पोथ्यांत शतकानुशतके बंद राहिले आणि विसाव्या शतकातच सर्वसामान्य अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

विषय एक आणि गद्ये अनेक, अशी स्थिती निर्माण झाली की प्रकारांमधला फरक उघड होतो, आणि त्यासाठी शहापूर तालुक्यातील माहुलीसारखे दुसरे ठिकाण नाही. आसनगाव स्टेशनवरून दिसणाऱ्या या सुळक्यांच्या गडावर १६३६ साली शहाजीराजे निजामशाहीच्या बालवारसासह वेढ्यात सापडले होते. मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या होत्या, आणि अखेर वारस मोगलांच्या हवाली होऊन शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. शाहजहानच्या दरबारातील अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘बादशहानामा’ या फारसी तवारिखेत हा काळ येतो तो बादशहाच्या विजयमालिकेचा भाग म्हणून, कारण तवारीख म्हणजे दरबाराने लिहवून घेतलेला राज्यकारभाराचा वृत्तांत, आणि तिचा पहिला वाचक खुद्द बादशहाच असतो. तहाचे गद्य याहून अगदी वेगळे असते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत माहुलीचेही नाव आहे. तेथे गडाची उंची, पाऊस किंवा वेढ्यातल्या माणसांची भूक यांना स्थान नाही, कारण तहाचे कलम दोन्ही पक्षांना एकाच अर्थाने वाचता आले पाहिजे आणि प्रत्येक जादा विशेषण उद्याच्या भांडणाचे बीज ठरू शकते. १६७० मध्ये गड परत स्वराज्यात आला, तेव्हा कलम निकामी झाले, पण ते लिहिण्याची रीत निकामी झाली नाही.

बखर हा तिसरा मार्ग. बखर म्हणजे घडून गेलेल्या घटनांचा, वंशाचा किंवा पुरुषाचा, ओघवत्या बोलीच्या अंगाने आणि पुष्कळदा वडीलधाऱ्याच्या किंवा धन्याच्या आज्ञेवरून लिहिलेला वृत्तांत. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ मध्ये जिंजी येथे शिवचरित्राची बखर लिहिली. तिला थोर पित्याचे चरित्र पुत्रापुढे ठेवायचे आहे, म्हणून तीत तारखांपेक्षा पराक्रमाचे प्रसंग ठळक होतात, शकुन-दृष्टान्तांना जागा मिळते आणि वाक्यांना तोंडी निवेदनाचा वेग येतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींतल्या चुका कठोरपणे दाखवल्या आणि समकालीन अस्सल पत्रांचे वजन बखरीहून अधिक आहे असे ठणकावून सांगितले. इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे योग्यच होते. तथापि बखरीला पत्राच्या फूटपट्टीने मोजून टाकून देणे गद्याच्या वाचकाला परवडणारे नाही. दरबारात, सदरेवर आणि घरोघरी शंभर-दीडशे वर्षे मराठी माणूस आपला भूतकाळ कसा सांगत होता, हे बखरीइतके दुसरे काहीही दाखवीत नाही.

एकोणिसाव्या शतकात छापखान्याने मराठी गद्याला नवा वाचक दिला. हा वाचक अनोळखी होता, दूरचा होता आणि त्याला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे कोणी शेजारी नव्हते. मोडी लेखनात शब्ददेखील सलग जोडून लिहिले जात, तेथे आता पूर्णविराम, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह यांची गरज भासू लागली; मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, लोकहितवादींची पत्रे १८४८ पासून ‘प्रभाकरा’त येऊ लागली, मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली. निबंध म्हणजे एका विषयाची मुद्देसूद, कारणे देत केलेली मांडणी. बातमी म्हणजे ताज्या घटनेचा पडताळता येईल असा वृत्तांत. दोन्हींचा धनी राजा नव्हे, वाचक होता.

याच काळात ठाणे जिल्ह्याबद्दल एक प्रचंड गद्यग्रंथ तयार झाला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाण्यावरील खंड १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत जमिनीचा पोत, पिके, सारा, घाटवाटा, किल्ले, आणि कुणबी, आगरी, ठाकूर, वारली, काथोडी अशा समाजांची वर्णने आहेत. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. विषयांचा काही भाग दोन्हींकडे सामाईक आहे : शेतकरी, त्याची जमीन, त्याच्यावरचा सारा आणि त्याचे कर्ज. परंतु गॅझेटियरमधले वर्णन कोणीच बोलत नसल्यासारखे, कर्ता दिसू न देणारे आहे, कारण ते कलेक्टरच्या टेबलावर पुढची पन्नास वर्षे संदर्भासाठी राहायचे आहे. फुल्यांच्या गद्यात मात्र बोलणारा माणूस प्रत्येक वाक्यात उभा असतो, तो प्रश्न विचारतो, संतापतो, शेतकऱ्याच्या घरातले दारिद्र्य जवळून दाखवतो आणि सरकारला थेट उपाय सुचवतो. शहापूर-मुरबाडच्या इतिहासाचा अभ्यासक गॅझेटियरवाचून पुढे जाऊ शकत नाही, हे खरेच. पण त्यातला ठाकूर किंवा काथोडी कधीच स्वतः बोलत नाही, त्याच्याविषयी बोलले जाते, आणि वर्णनात्मक गद्याची ही मर्यादा नीट ओळखल्याशिवाय त्याचा आधार घेणे धोक्याचे आहे.

ललित गद्याचे प्रकार वाचकांच्या अधिक परिचयाचे असल्यामुळे त्यांचा विस्तार येथे आवश्यक नाही. कथा एखाद्या अनुभवाचा मर्मबिंदू पकडते आणि कादंबरी अनेक माणसे, काळ व परिसर यांचा पट उभा करते. ललित निबंधात लेखकाचे व्यक्तिमत्त्व विषयाइतकेच महत्त्वाचे असते, जसे दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त निसर्गाबरोबर त्यांची विद्वत्ता आणि रसिकताही वाचकाला भेटते. व्यक्तिचित्र एका माणसाला त्याच्या लकबींसह उभे करते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’नी त्याचा आदर्शच घालून दिला. या सर्वांची बांधिलकी अनुभवाच्या खरेपणाशी असते आणि घटना घडलीच होती का, हा प्रश्न तेथे दुय्यम ठरतो.

आत्मकथनात मात्र दोन्ही बांधिलक्या एकत्र येतात आणि म्हणूनच ते लिहिणे कठीण असते. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले पुस्तक याचे ठळक उदाहरण आहे. १९४५ मध्ये शहापूरच्या शेजारीच असलेल्या टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील तलासरी, डहाणू परिसरात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. परुळेकरांनी त्या लढ्याची हकीकत स्वतः त्यात असलेल्या कार्यकर्तीच्या नात्याने सांगितली. तिच्यात अहवालाची नेमकी माहिती आहे, कथेची माणसे आहेत आणि निबंधाचा युक्तिवादही आहे. तरीही ती आत्मकथनच राहते, कारण प्रत्येक विधानामागे ‘हे आपण पाहिले’ अशी जबाबदारी घेणारी व्यक्ती आहे.

हीच जबाबदारी आज शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांत एका अगदी साध्या कागदावर येऊन ठेपली आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली वनजमिनीवरचा दावा ग्रामसभेपुढे मांडावा लागतो आणि २००८ च्या नियमांतील नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी दिली आहे, तीत दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या व्यक्तीचे लेखी नोंदवलेले कथन हाही एक पुरावा मानला आहे. ज्या समाजांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या कागद आला नाही, त्यांच्या बोलण्याला कायद्याने गद्याचा दर्जा दिला, असे या तरतुदीचे वर्णन करता येईल. ती तरतूद थोर आहे. पण तिचे सार्थक होते की नाही, हे कथन लिहून घेणाऱ्याच्या हातात असते.

उदाहरणादाखल एखाद्या ठाकूर वृद्धाचे कथन कल्पावे. धाकटा भाऊ पाळण्यात होता त्या साली बापाने या उतारावर पहिल्यांदा राब भाजला आणि नागली लावली, वरच्या अंगाला मोहाचे झाड होते आणि खालच्या अंगाला ओढा होता, झाड पुढे वाळले पण त्याचे खोड अजून आहे, असे तो सांगतो. लिहून घेणारा सवयीने कागदावर उतरवतो : ‘सदर इसम सदरहू क्षेत्र पूर्वापार कसत असल्याचे सांगतात.’ वाक्य शुद्ध आहे, कार्यालयीन आहे आणि जवळजवळ निरुपयोगी आहे. मूळ बोलण्यात काळ होता, कारण भावाच्या वयावरून साल काढता आले असते. सीमा होत्या, कारण खोड आणि ओढा आजही जाऊन पाहता येतात. पीक होते आणि कसणाऱ्याचे नाव होते. ‘पूर्वापार’ या एका शब्दात हे सगळे पुसले गेले आणि ग्रामसभेनंतर दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीपुढे पडताळणीसाठी काहीच उरले नाही. तपशील हे केवळ ललित लेखनाचे अलंकार असतात, ही समजूत येथे थेट जमिनीवर घाला घालते. साक्षीच्या गद्यात तपशील हाच पुरावा असतो, हे म्हाइंभटाला साडेसातशे वर्षांपूर्वी माहीत होते.

उलट दिशेची चूकही होते. ग्रामसभेच्या ठरावात दहा ओळी भावनेच्या आणि एक ओळ मागणीची असेल, तर तो ठराव कार्यवाहीस अपुरा पडतो. ठरावाला विषय, निर्णय, सूचक, अनुमोदक आणि तारीख लागतात, आणि तेथे नाणेघाटाच्या लेखासारखी कोरडी शिस्तच कामाची. दहावीच्या मराठीच्या अभ्यासक्रमात पत्रलेखन, बातमीलेखन आणि कथालेखन उपयोजित लेखन म्हणून शिकवले जाते ते याचसाठी. पण त्यांचे नमुने गुणांसाठी पाठ करून घेतले जातात आणि त्या प्रकारांचा गावच्या व्यवहाराशी असलेला संबंध वर्गात क्वचितच सांगितला जातो.

शहापूर आणि मुरबाडमधील शाळांनी, विशेषतः आश्रमशाळांनी, हा संबंध जोडून द्यावा. तानसा, वैतरणा आणि भातसा या जलाशयांचे पाणी मुंबई पिते. त्यांच्या काठच्या गावांतली आणि डोंगरपाड्यांतली ज्येष्ठ माणसे अजून हयात आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांतल्या एखाद्या आजोबांचे किंवा आजीचे सांगणे आधी त्यांच्याच शब्दांत, त्यांची बोली न बदलता, साल आणि खुणा विचारून लिहून घ्यावे, आणि मग त्याच मजकुराची बातमी, वर्णन आणि ग्रामसभेचा ठराव अशी रूपे करून पाहावीत. वनहक्क समित्यांच्या सचिवांनीही कथनाखाली अंगठा किंवा सही घेण्यापूर्वी ते सांगणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि त्याने ‘असेच म्हणालो होतो’ असे सांगेपर्यंत कागद पुढे पाठवू नये.